पाच लाखांची मर्यादा आणि घरचा हिशेब

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाल्या, "साहेब, एवढी बेरीज करून द्या की. मला काही मेळ लागंना." पिशवीत कागद होते. औषधांच्या दुकानांच्या पावत्या, तपासण्यांच्या पावत्या, रिक्षावाल्याने सिगारेटच्या पाकिटामागे लिहून दिलेला आकडा, आणि सगळ्यांत तळाशी रुग्णालयाचा एक छापील कागद. त्याच्या शेवटच्या ओळीत लिहिले होते : रुग्णाने भरावयाची रक्कम शून्य.

सदतीस वर्षे मी बँकेत काढली. जिथे शून्य लिहिलेले असेल तिथे आधी बोट ठेवायचे, ही सवय जुन्या तपासनिसांनी आम्हाला लावली होती. कादंबऱ्या लिहायला लागलो तरी ती सुटली नाही. मी वही काढली आणि बसलो.

मावशींचे यजमान आमच्या सोलापुरात, पूर्व भागातल्या एका कारखान्यात यंत्रमागावर टॉवेल विणतात. वय अठ्ठावन्न. श्रावणातल्या एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. आधी गल्लीतल्या डॉक्टरांकडे, तिथून रिक्षाने एका मोठ्या खासगी रुग्णालयात. घरात केशरी शिधापत्रिका होती. आयुष्मानचे कार्डही होते. मुलीने ते काढून प्लॅस्टिकमध्ये घालून आणले होते. रात्री पावणेदोन वाजता काउंटरवरच्या मुलाने सांगितले, आरोग्यमित्र सकाळी येतील, तोवर पंधरा हजार अनामत भरा. तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून मंजुरी घेण्याची सोय योजनेत आहे. ती त्या मुलाला ठाऊक नव्हती की ठाऊक असून सांगायची नव्हती, कोण जाणे. मावशींच्या भावाने तीन घरांची दारे ठोठावून पैसे आणले. रात्र इंजेक्शनांवर निभावली. सकाळी आरोग्यमित्र आले, माणूस भला होता, पण नवेच विघ्न उभे राहिले. शिधापत्रिकेवर नाव एक तऱ्हेने लिहिलेले, आधारवर दुसऱ्या. मला फोन आला तो तेव्हा. दुपारी मंजुरी मिळाली, संध्याकाळी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, आणि पाचव्या दिवशी माणूस आपल्या पायांनी घरी आला.

हे शेवटचे वाक्य आधी नीट ध्यानात घेतले पाहिजे. माणूस आपल्या पायांनी घरी आला. मी नोकरीला लागलो त्या काळात यंत्रमाग कामगाराच्या घरी असे काही झाले, तर "देवाची मर्जी" म्हणून गप्प बसत. तालुक्याच्या शाखांत मी शेती कर्जाचे अर्ज वाचत असे. विहिरीची दुरुस्ती, बैलजोडी, पाइपलाइन. अर्जदाराशी चहा पिताना जरा बोलले, की कळायचे की बायकोचे ऑपरेशन आहे किंवा बापाला मिरजेला न्यायचे आहे. आजारासाठी कर्ज देण्याचा नमुना अर्ज आमच्याकडे नव्हता, म्हणून लोक कागदावर बैल लिहीत. मी अशा अर्जांवर डोळे मिटून सह्या केल्या आहेत, आणि पुढे थकबाकीच्या यादीत तीच नावे पाहून माना खाली घातल्या आहेत. त्या तुलनेत आज पोळ्या करणाऱ्या बाईच्या नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसतो आणि त्याचे पैसे शासन भरते, याला लहान गोष्ट म्हणणारा माणूस एक तर फार श्रीमंत असला पाहिजे किंवा फार विसराळू.

या योजनांचा आमच्या शहराशी जुना संबंध आहे. १९९७ सालची जीवनदायी योजना मोजक्याच मोठ्या शस्त्रक्रियांपुरती होती. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. वर्षाला कुटुंबामागे दीड लाख, मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाला अडीच लाख. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत सुरू झाली. कुटुंबाला पाच लाख, सुमारे पावणेअकरा कोटी गरीब कुटुंबे, म्हणजे जवळजवळ पन्नास कोटी माणसे. एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र आल्या. जुलै २०२३ मध्ये राज्याने ठरवले की रंग न पाहता सर्व शिधापत्रिकाधारकांना, आणि पत्रिका नसली तरी राज्याचा रहिवासी असलेल्या प्रत्येकाला हे संरक्षण द्यायचे. मर्यादा सर्वांना पाच लाख, उपचार १,३५६. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून. आणि ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, वेगळे कार्ड द्यायला घेतले. म्हणजे कागदावर तरी मावशी आणि मी आता एकाच योजनेत आहोत. सर्वांसाठी आरोग्य हे शब्द गेली अनेक वर्षे व्यासपीठांवरून ऐकले होते. आता ते शासन निर्णयात उतरले आहेत.

मग पिशवीत एवढ्या पावत्या कशा?

बँकेतला एक साधा धडा इथे उपयोगी पडतो. व्यापाऱ्याला कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर होते, समजा पाच लाख. नवा व्यापारी पेढे घेऊन येतो आणि घरी सांगतो की बँकेने पाच लाख दिले. जुना व्यापारी तसे म्हणत नाही. त्याला ठाऊक असते की मर्यादा वेगळी आणि उचल वेगळी. गोदामात माल किती आहे, त्यातला जुना किती, येणी किती दिवसांची, हे पाहून दर महिन्याला उचल ठरते. पाच लाख मंजूर असूनही साठ हजारांवर अडकलेले खातेदार मी पुष्कळ पाहिले आहेत.

आरोग्याच्या कार्डावरचे पाच लाख ही मंजूर मर्यादा आहे. उचल कशावर ठरते? आजार त्या यादीत असला पाहिजे. उपचार देणारे आणि योजनेत असलेले रुग्णालय पोचता येईल इतक्या अंतरावर असले पाहिजे. तिथे योजनेच्या रुग्णांसाठी खाट रिकामी असली पाहिजे. कागदपत्रांवरची नावे जुळली पाहिजेत. आणि सर्वांत मोठी अट म्हणजे, काही अपवाद वगळता, माणूस रुग्णालयात दाखल झाला पाहिजे. दाखल न होता जो आजार सांभाळायचा असतो, तो या योजनेच्या दृष्टीने जवळजवळ नाहीच. मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात, डोकेदुखीचे निदान, बाळाचा ताप, म्हाताऱ्याचे चक्कर येणे या सगळ्यांसाठी आपण महिन्याकाठी जे पैसे मोजतो ते आपल्याच खिशातून. केंद्राच्या योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस धरले आहेत. सोळाव्या दिवशी काय?

मावशींच्या वहीत सोळावा दिवस स्पष्ट दिसत होता. मी दोन रकाने केले. डाव्या बाजूला योजनेने सोसलेले, उजव्या बाजूला घराने. डाव्या रकान्यात एकच रक्कम, शस्त्रक्रियेच्या पॅकेजची. ती मोठी होती आणि ती नसती तर पुढचे काही लिहायची वेळच आली नसती. उजव्या रकान्यात मात्र पान भरले. गल्लीतल्या डॉक्टरांकडचा ईसीजी आणि इंजेक्शने, १,३५० रुपये. रात्रीची रिक्षा आणि नंतरची गाडी, १,२००. अनामतीच्या पंधरा हजारांपैकी दहा हजार अकरा दिवसांनी परत मिळाले, पाच हजार "तपासण्या" असा एक शब्द लिहून ठेवून घेतले. बाहेरून आणायला लावलेली औषधे, ६,४८०. सोबतच्या माणसांचे जेवण आणि येणे-जाणे, ३,१००. हे झाले १७,१३०. घरी आल्यावर महिन्याच्या गोळ्या २,१५० रुपयांच्या. तीन महिन्यांच्या पावत्या मिळून ५,३७५. एकूण २२,५०५. यात तीन महिने बुडालेली मजुरी धरलेली नाही, कारण तिची पावती कुणी देत नाही.

पैसे कुठून आणले, ते मी विचारले. मावशींनी गळ्याला हात लावला. बोरमाळ नव्हती. सोनेतारण कर्जाची पावती पिशवीतच होती, मी ती औषधाची समजून बाजूला ठेवली होती.

पण मला धक्का बसला तो दुसऱ्याच एका गोष्टीने. तिसऱ्या महिन्याची औषधाची पावती पहिल्या दोन महिन्यांच्या निम्मी होती. मी म्हटले, "डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या वाटतं?" त्या म्हणाल्या, "नाही हो. मीच एक दिवसाआड देते. बरे हायेत की आता." स्टेंट बसलेल्या माणसाची रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांना न विचारता कमी करणे म्हणजे काय, हे मावशींना कुणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल ते त्या गडबडीत त्यांच्या कानावरून गेले. रक्ताची गाठ होऊन स्टेंटच बंद पडू शकतो. म्हणजे शासनाने इतके पैसे घालून जो जीव वाचवला तो एक दिवसाआडच्या गोळीवर लोंबकळत होता. त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही डॉक्टरांना भेटलो. जवळच्या सरकारी दवाखान्यात दोन गोळ्या फुकट मिळाल्या, नेमकी तीच मिळाली नाही. ती जनऔषधीच्या दुकानात मिळाली आणि महिन्याचा खर्च निम्म्याच्या खाली आला. हे दुकान मावशींच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि त्यांना ते माहीत नव्हते. आरोग्यमित्राच्या टेबलावर एवढी एक चिठ्ठी ठेवली असती तर?

आता दुसरी बाजू पाहू, कारण रुग्णालयवाले सगळेच लबाड असतात असे समजण्याइतका मी भाबडा नाही. एका तालुक्याच्या गावी माझा एक कर्जदार डॉक्टर होता. यंत्रसामग्रीसाठी मुदत कर्ज घेतलेले, हप्ता वेळेवर. योजनेत आला आणि दोन वर्षांत हप्ते डगमगू लागले. मी ताळेबंद पाहिला. धंदा वाढला होता, खाटा भरलेल्या होत्या, आणि "येणे" या सदरात योजनेची बिले साचली होती. औषधवाला उधारी देत नव्हता, परिचारिकांचे पगार थांबवता येत नव्हते, आणि बँकेला, म्हणजे मला, नव्वद दिवसांत हप्ता हवा होता. त्यात पॅकेजचा दर ठरलेला. महागाई वाढली म्हणून तो दर महिन्याला वाढत नाही. अशा वेळी चांगला माणूस योजना सोडतो किंवा तिचे रुग्ण कमी घेतो, आणि चलाख माणूस "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी लिहू लागतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हरियाणातल्या खासगी रुग्णालयांनी थकलेल्या बिलांसाठी आयुष्मानचे काम थांबवले, त्याची बातमी वाचताना मला या डॉक्टरांचा ताळेबंद आठवला. बिल वेळेवर देणे हा कारकुनी तपशील वाटतो. पण मावशींच्या पिशवीतल्या ६,४८० रुपयांचे मूळ बहुधा त्या कारकुनीतच असते.

आणि तिसरी बाजू लबाडीची. १९८० नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशाच्या सगळ्या गटांत गेला तेव्हा मी मराठवाड्यात फील्ड ऑफिसर होतो. गरिबाला दुभते जनावर घेऊन द्यायचे, काही भाग अनुदान, बाकी कर्ज. मार्चअखेर लक्ष्य पुरे करायचे. एकच म्हैस मी तीन दारांत बांधलेली पाहिली आहे. जनावराचा विमा असे. मेले की कानातला बिल्ला जमा करायचा आणि भरपाई घ्यायची. बिल्ला यायचा, म्हैस गोठ्यात रवंथ करत असायची. योजना वाईट नव्हती, तिने काही घरे खरोखर वर काढली. पण आम्हाला वरून विचारले जाई ते किती म्हशी वाटल्या एवढेच. दूध किती निघाले, हे कुणी विचारले नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांचा जन आरोग्य योजनेवरचा अहवाल संसदेत आला तेव्हा ७,४९,८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे ९९९९९९९९९९ हा एकच मोबाइल क्रमांक असल्याची बातमी गाजली. मला तिच्यात फारसे नवल वाटले नाही. शासनाने खुलासा केला की रुग्णाची ओळख मोबाइलवरून पटवत नाहीत, आणि तो पटण्यासारखा आहे. रकाना भरल्याशिवाय संगणक पुढे सरकत नसेल तर नोंदणी करणारा पोरगा काहीतरी भरणारच. आपल्याकडे शाळामास्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या लाखो मुलांचा वाढदिवस १ जून करून टाकला, तेव्हा कुठे घोटाळा झाला असे कुणी म्हटले नाही. पण त्याच अहवालातली दुसरी नोंद अशी हसण्यावारी नेता येत नाही. उपचार चालू असताना मृत्यू झाला अशी नोंद असलेल्या रुग्णांच्या नावावर पुढेही उपचार झाल्याची बिले निघालेली आढळली. आमच्या वेळी जिवंत म्हैस कागदावर मरत असे. इथे कागदावर मेलेला माणूस उपचार घेत होता.

त्याहून भयंकर गोष्ट जिवंत माणसांची. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने कडी तालुक्यातल्या एका गावात मोफत तपासणीचे शिबिर घेतले, गावकऱ्यांना बसमध्ये घालून शहरात आणले, एकोणीस जणांची अँजिओग्राफी केली, सात जणांना स्टेंट बसवले. दोघे दगावले. गरज नसताना कार्डावरच्या पैशांसाठी हे केले, असा आरोप ठेवून गुन्हे नोंदले गेले. बारा वर्षांपूर्वी, २०१२ मध्ये, छत्तीसगडमध्ये जुन्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली बायकांच्या गर्भाशयांबाबत असेच ओरडले गेले होते. त्या योजनेची मर्यादा अवघी तीस हजार होती. जिथे शस्त्रक्रियेला पैसे मिळतात आणि गोळी देऊन घरी पाठवण्याला मिळत नाहीत, तिथे सुरी जास्त चालणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

माझ्या मनात खरी तुलना येते ती १९ जुलै १९६९ ची. त्या दिवशी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याचे गुणदोष काहीही असोत, पुढची वीस वर्षे एक गोष्ट झाली. खेड्यांत शाखा निघाल्या. पत्र्याच्या खोलीत, ग्रामपंचायतीच्या ओसरीवर, पण निघाल्या. आधी शाखा, मग पासबुक. माझी पहिली शाखा अशीच एका गिरणीच्या शेजारी होती; नोटांवर पिठाचा थर बसे. आरोग्यात आपण उलटे केले. पासबुक सगळ्यांच्या हाती दिले आणि शाखा जिथे आधीच होत्या तिथेच राहिल्या. मोठी खासगी रुग्णालये पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, फार तर आमच्यासारखी शहरे इथेच आहेत. गडचिरोलीच्या माणसाचे पाच लाख आणि पुण्याच्या माणसाचे पाच लाख यांची उचल सारखी कशी होईल?

सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली नेमके शाखेपासूनच सुरुवात करायला सांगितले होते. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे तत्त्व, आणि त्यासाठी गावाच्या जवळ प्राथमिक आरोग्य केंद्र. ती केंद्रे १९५२ पासून उभी राहू लागली. मी ज्या ज्या गावांत बदलून गेलो तिथे एक पिवळट इमारत असायची. काही ठिकाणी डॉक्टर असायचे, काही ठिकाणी त्यांची खुर्ची. आयुष्मान भारतचे २०१८ मध्ये दोन भाग होते हेही आपण विसरतो. एक हे विम्याचे कार्ड, आणि दुसरा दीड लाख उपकेंद्रे आणि आरोग्य केंद्रे सुधारून तिथे मधुमेह, रक्तदाब, कर्करोगाच्या तपासण्या आणि औषधे देण्याचा. दुसऱ्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. छायाचित्रे पहिल्याची निघतात. आपल्या राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क केले. माझ्या मते पाच लाखांच्या घोषणेपेक्षा हा निर्णय मोठा होता. त्यावर फलक कमी लागले. आणि केसपेपर फुकट झाला तरी औषधांच्या खिडकीत औषध असावे लागते.

शासन आकडे देते तेही पाहिले पाहिजेत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. शासनाचा वाटा २८.६ वरून ४८ टक्क्यांवर गेला. मोठी सुधारणा आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०२१-२२ हे करोनाचे वर्ष होते, लशींपासून प्राणवायूपर्यंत शासनाला खर्च करावाच लागला. आणि वाटा म्हणजे भागाकार असतो. खालची संख्या फुगली की वरची तीच राहूनही टक्केवारी उतरते. बुडीत कर्जांची टक्केवारी मार्चमध्ये अशीच नवी कर्जे वाटून उतरवत असत, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. शासनाचा आरोग्यावरचा खर्च त्या वर्षी सकल उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्के करू असे लिहिले होते.

गोव्याने २०१६ मध्येच, केंद्राच्या आधी, पाच वर्षे राज्यात राहिलेल्या जवळजवळ सगळ्यांसाठी योजना काढली; तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार. लहान राज्य आहे, म्हणून जमले असे आपण म्हणतो. पण तिथे कार्डाच्या खाली बांबोळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, १८४२ पासूनच्या परंपरेचे, आणि पणजीचा वकीलही आजारी पडला की तिथे जातो. पाया आधीचा होता.

वकील तिथे जातो, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. बँकेत रांगेत मामलेदाराच्या पत्नी उभ्या राहिल्या की काउंटरवरचा बंद पंखा दुसऱ्या दिवशी फिरायला लागे. योजना सर्वांची झाली याचा मला आनंद झाला तो त्यासाठी. म्हणून मी मुद्दाम माझी पांढरी शिधापत्रिका घेऊन एका रुग्णालयात चौकशीला गेलो. उद्या मोतीबिंदू निघाला, हर्निया निघाला, तर मी या योजनेतून येऊ का? व्यवस्थापक तरुण होता, अदबीने बोलला. "सर, तुमचा मेडिक्लेम आहे ना? मग त्यातूनच या. खोली चांगली मिळेल." माझ्या मेडिक्लेमचा हप्ता दरवर्षी असा वाढतो आहे की निवृत्तिवेतन त्याच्या मागे धापा टाकते, हे मी त्याला सांगितले नाही. माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या थोरल्या भावाने वय वंदना कार्ड काढले आहे. ते त्याने देव्हाऱ्यातल्या खणात ठेवले आहे आणि गुडघ्यासाठी ओळखीच्या डॉक्टरांकडे पैसे भरून जातो. आम्ही दोघे त्या रांगेत उभे नाही. आमच्यासारखे लाखो जण उभे नाहीत. पंखा कसा दुरुस्त होणार?

मला कुणी विचारले तर, आणि निवृत्त माणसाला कुणी विचारत नाही, मी दोन गोष्टी मागेन. एक, मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला वर्षभराची औषधे योजनेतून, त्याच्या घराजवळच्या सरकारी दवाखान्यात. स्टेंटच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे आणि तो न केल्यास स्टेंटचाच पैसा पाण्यात जातो. दुसरी, घरी सोडल्यावर महिन्याने दर शंभरातल्या दोन-चार रुग्णांच्या घरी कुणीतरी जावे. चौकशी अधिकाऱ्याच्या तोऱ्यात नव्हे, साधे जावे, पिशवी मागावी आणि उजव्या रकान्याची बेरीज करावी. किती कार्डे वाटली, किती कोटींची बिले मंजूर झाली, हे सगळे डाव्या रकान्यातले आकडे आहेत. सर्वांना आरोग्यसेवा मिळाली की नाही, ते उजव्या रकान्यावरून कळते.

बेरीज सांगितल्यावर मावशींनी कार्ड काढून माझ्यापुढे धरले. "यात पाच लाख हायेत म्हणतात. आपरेशनाचे गेले, तर राहिलेले किती? त्यातनं गोळ्यांचं नाही का होत?" मी त्यांना मर्यादा आणि उचल समजावून सांगू लागलो. मध्येच थांबलो, कारण त्या पोळ्यांना उशीर होतोय म्हणून उठल्या होत्या.

यजमान आता कामावर जातात, अर्ध्या पाळीला. गोळ्या रोज घेतात; डबीवर मुलीने वार लिहून चिकटवले आहेत. बोरमाळ अजून बँकेत आहे.